प्रौढ पुत्राची माता : तीन चित्रें

माझ्या एका दूरच्या मावशीचें उत्तरायुष्य मीं जवळून पाहिलें आहे. तिचा मुलगा पंचेचाळिशीला आलेला. एके काळीं तो बऱ्यापैकीं नोकरींत होता. पुढें दारूच्या पायीं नोकरी गेली, संसार मोडला, आणि तो परत आईच्या घरीं येऊन राहिला. मावशी सत्तरीच्या पुढें गेलेली. नवऱ्याच्या मागें मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनीवर दोघांचें चाले. रात्रीं पैशाची पिशवी उशीखालीं घेऊन ती निजे. पण त्याचें ताट वाढून, झांकून ठेवून मगच निजे. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून तिला दोन वाक्यें नेहमीं ऐकावीं लागत. एक, "तुम्हींच लाडावून ठेवलात, म्हणून ही वेळ आली." आणि दुसरें, "तुम्ही आहांत म्हणून तो अजून जगला आहे." पहिलें वाक्य निंदेचें व दुसरें स्तुतीचें, असें बोलणाऱ्यांस वाटे. मावशी दोन्ही वाक्यें सारख्याच मुद्रेनें ऐकून घेई आणि चहाचें आधण ठेवावयास उठे.

हीं दोन वाक्यें परस्परविरुद्ध दिसलीं, तरी तीं एकाच समजुतीच्या पोटीं जन्मलेलीं आहेत, हें माझ्या ध्यानांत फार उशिरां आलें. पहिल्या वाक्यांत आई ही मुलाच्या दुर्दशेचें कारण ठरते. दुसऱ्यांत ती त्याचें कवच ठरते. गृहीत दोन्हींत एकच : डोक्याचे केस पिकूं लागलेल्या मुलाचेंहि दैव आईच्या मुठींत असतें. हें गृहीत खरें आहे काय? ज्या थोर लेखकांनीं अशी आई खरोखर डोळे उघडून पाहिली, त्यांनीं तिच्या हातीं किती सामर्थ्य आहे असें दाखविलें? प्रस्तुत लेखांत या एकाच प्रश्नाच्या अनुरोधानें तीन माता पाहावयाच्या आहेत. दोन नॉर्वेच्या हेन्रिक इब्सेनच्या, आणि तिसरी आपल्या महाभारतांतील.

घरचें वाङ्मय सोडून इतक्या दूर जाण्याचें कारण सांगितलें पाहिजे. मराठींत आई पुष्कळ आहे. परंतु ती बहुधा लहान मुलाची आई आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्यें (१९३५) श्याम शिकत असतांनाच आई जाते. माधव जूलियनांची आणि यशवंतांची, घरोघर पाठ असलेली, आईवरील गीतें हीं मुळांत तिच्या वियोगाचीं गीतें होत. म्हणजे आपल्या वाङ्मयांतील सर्वांत प्रिय माता ह्या मुलगा संसाराला लागण्यापूर्वींच जग सोडून गेलेल्या आहेत. त्यांच्या प्रेमाला मुलाच्या चाळिशीची परीक्षा कधीं द्यावी लागली नाहीं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'कडे (पहिला प्रयोग १९१९) पाहावें, तर तेथें मद्यपी नायकाच्या भोंवतीं पत्नी आहे, बहीण आहे, मित्र आहे, मेहुणा आहे. आई मात्र रंगभूमीवर नाहीं. नाट्यदृष्ट्या तें योग्यच झालें. सिंधूच्या जोडीला सुधाकराची वृद्ध माता उभी असती, तर प्रेक्षकांची करुणा दोघींत वांटली गेली असती. पण त्यामुळें, प्रत्येक आळींत जी एक तरी असते, ती स्त्री नाटकाबाहेर राहिली.

इब्सेनचें नांव महाराष्ट्राला नवीन नाहीं. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणलें. तें इब्सेनचाच देशबांधव ब्यर्नसन याच्या नाटकावरून रचलेलें होतें. त्या काळांत नव्या नाटकाची चर्चा निघाली कीं इब्सेनचें नांव निघे. पण बोलबाला झाला तो नोराचा, घराचें दार ओढून घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण पत्नीचा. दार ओढून घेण्याची सोय जिला नाहीं, अशा त्याच्या वृद्ध मातांकडे आपलें लक्ष त्या मानानें कमी गेलें.

'पेअर गिंट' हें इब्सेनचें काव्यनाट्य १८६७ सालीं प्रसिद्ध झालें. पेअर हा वीस वर्षांचा, धडधाकट, बढाईखोर, कामाचा कंटाळा असलेला तरुण. आणि ओसे ही त्याची विधवा आई. बापाच्या दारूनें व उधळपट्टीनें एके काळचें श्रीमंत घर धुळीस मिळालेलें. पडदा उघडतो तोंच मुलगा खोटें बोलत आहे आणि आई त्याला लबाड म्हणत आहे. रेनडियराच्या पाठीवर बसून डोंगराच्या धारेवरून आपण कसे दौडलों, ही कथा तो रंगवूं लागतो, तेव्हां ओसे प्रथम श्वास रोखून, घाबरून ऐकते; आणि मग तिच्या ध्यानांत येतें कीं, ही तर आपण मुलगी असतांना ऐकलेली दुसऱ्याच कोणाची गोष्ट! या एका प्रसंगांत इब्सेननें सारें नातें सांगून टाकलें आहे. मुलगा खोटा आहे हें तिला ठाऊक असतें. तरीहि त्याच्या खोट्या कथेंतला कडेलोट तिला खरा वाटतो. पुढें दुसऱ्याच्या लग्नांतून पेअर नवरी पळवितो व तिला उचलून डोंगर चढूं लागतो. त्याला झोडपावयास काठी घेऊन आलेली ओसे, हा पडो, असें रागाच्या भरांत म्हणते, आणि त्याच श्वासांत, पाऊल जपून टाक, म्हणून किंचाळते. शाप आणि काळजी यांत क्षणाचेंहि अंतर नसणें ही या मातांची नित्याची अवस्था आहे. ती दाखविण्यास इब्सेनला दोन ओळी पुरल्या.

ओसे ही पेअरच्या अधःपाताचें कारण आहे काय? तसें म्हणावयास इब्सेन जागा ठेवतो. डोंगरांत मुलाचा शोध करीत असतांना ती सॉल्वेगला सांगते कीं, नवरा पिऊन उधळत हिंडे तेव्हां मी आणि माझा लहानगा घरांत बसून राजपुत्रांच्या व राक्षसांच्या गोष्टींत दुःख विसरत असूं. कोणी दारू जवळ करतो, आम्हीं गोष्टी जवळ केल्या. झालें! ज्याला आरोपपत्र लिहावयाचें आहे त्याला एवढा कबुलीजबाब पुरेसा आहे. मुलाला खोट्याचें व्यसन लागलें तें आईच्याच मांडीवर. परंतु हा आरोप करणाऱ्यानें क्षणभर थांबून विचारावें कीं, त्या अंधाऱ्या घरांत, त्या रात्रीं, त्या बाईनें दुसरें काय करावयास हवें होतें? मुलाला निजवावयास तिच्यापाशीं गोष्टीवांचून दुसरें कांहीं शिल्लक राहिलेलें नव्हतें.

तिसऱ्या अंकांत तेंहि उरत नाहीं. पेअरच्या अपराधापायीं घरांतील चीजवस्तु जप्तींत गेल्या आहेत. उघड्या झोंपडींत ओसे मरणाच्या दारीं पडली आहे, आणि रानांत लपून राहणारा पेअर रात्रीं चोरून तिला भेटावयास येतो. गंभीर गोष्ट बोलणें त्याला झेपत नाहीं. तो तिच्या पलंगाच्या पायथ्याशीं बसतो, खुर्चीला दोरी बांधून तिचा घोडा करतो आणि लहानपणींच्याच खेळांत आईला बर्फावरच्या गाडींतून परीकथेंतल्या राजवाड्याकडे घेऊन निघतो. दिवे दिसूं लागतात, घंटा वाजूं लागतात, स्वर्गाच्या द्वारपालाशीं तो तिच्या वतीनें भांडतोसुद्धां. गोष्ट रंगांत येते तों आईचे डोळे थिजलेले असतात. तो तें पाहतो, तिचे डोळे मिटतो, तिच्या ओठांना गाल लावून गाडीवानाचें भाडें चुकतें करून घेतो; आणि शेजारच्या बाईला तिचें नीट दफन करावयास सांगून परदेशीं चालता होतो.

हा प्रसंग वाचून डोळे ओले होत नाहींत असा वाचक विरळा. एडवर्ड ग्रीग यानें १८७६ च्या प्रयोगासाठीं दिलेलें ओसेच्या मृत्यूचें संगीत तर नाटक न वाचलेल्यांच्याहि ओळखीचें आहे. परंतु अश्रु पुसून पाहिलें पाहिजे तें हें : पेअरनें आईला जें दिलें तें तिनेंच त्याला दिलेलें होतें, आणि जें देणें त्याचें कर्तव्य होतें तें त्यानें दिलेंच नाहीं. त्यानें गोष्ट परत केली. पण भांडीं परत केलीं नाहींत, आणि मातीला खांदाहि दिला नाहीं. ओसेच्या प्रेमाचा मुलाच्या चारित्र्यावर काडीचाहि परिणाम झाला नाहीं. पुढील दोन अंकांत तो जगभर तसाच लबाड हिंडतो. ती त्याचें कवच असती, तर स्वतःच्या अंथरुणाचें तरी रक्षण करूं शकली असती! आणि तरीहि, खोटें हेंच ज्याचें जीवन त्या माणसाच्या हातून एकदां तरी ज्या खोट्यानें दुसऱ्याचें भय हलकें झालें, तें ओसेच्या मांडीवरचें खोटें होतें, हेंहि तितकेंच खरें. यांतील एकच अर्धें सांगणारा टीकाकार ओसेवर अन्याय करतो.

इब्सेननें १८७० सालीं लिहिलेल्या एका पत्रांत, ओसेसाठीं आपण आपल्या आईचाच नमुना, अवश्य त्या अतिशयोक्तीसह, घेतल्याचें कबूल केलें आहे. वडिलांचें दिवाळें निघालेल्या घरांत तो वाढला. तरुणपणीं घर सोडल्यावर तो तिकडे फारसा वळला नाहीं. 'पेअर गिंट' लिहिलें तेव्हां आई हयात होती. पुढें दोन वर्षांनीं, १८६९ मध्यें, ती वारली. कोणाच्या अंतःकरणांत काय होतें हें आपण ठरवूं नये. पण न भेटलेल्या मुलानें लिहिलेला हा भेटीचा प्रसंग आहे, एवढें लक्षांत ठेवून तो पुन्हां वाचावा.

या चित्रांतील एक उणीवहि सांगितली पाहिजे. ओसे तिसऱ्या अंकांत मरते आणि नाटक मोकळें होतें. खऱ्या ओसे तिसऱ्या अंकांत मरत नाहींत. त्या पांचव्या अंकापर्यंत ताट झांकून ठेवीत बसतात. पुढें चौदा वर्षांनीं इब्सेननें जी दुसरी माता उभी केली, ती जणुं ही उणीव भरून काढण्यासाठींच. कारण ती पडदा पडेपर्यंत रंगभूमीवर आहे.

'गेंगांगेरे' हें तें नाटक १८८१ च्या डिसेंबरांत छापून आलें. इंग्रजींत तें 'घोस्ट्स' म्हणून प्रसिद्ध आहे. मूळ शब्दाचा अर्थ 'पुन्हां परतून येणारे' असा आहे. त्यावर असा गहजब झाला कीं, विक्रेत्यांनीं पुस्तकाच्या प्रती परत पाठविल्या, आणि पहिला प्रयोग १८८२ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें, तिकडे जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियन व डेनिश लोकांपुढें झाला. लंडनांत १८९१ सालीं प्रयोग झाला तेव्हां वृत्तपत्रानें त्यास उघड्या गटाराची उपमा दिली. हा सारा रोष, बापाच्या दुराचारानें मुलाला जडलेल्या रोगाचा रंगभूमीवर उल्लेख झाला म्हणून होता. तेव्हांपासून हें आनुवंशिकतेचें नाटक, असा त्यावर शिक्का बसला. पण तें केवळ तेवढेंच असतें, तर आज मेलें असतें. या रोगाचा जंतु १९०५ सालीं सांपडला, १९४३ मध्यें पेनिसिलिननें तो बरा करतां येतो असें सिद्ध झालें. शिवाय आईला बाधा झाल्यावांचून तो जन्मतः मुलाकडे जात नाहीं, आणि इब्सेनची माता तर शेवटपर्यंत निरोगी दिसते. म्हणजे नाटकाचें वैद्यक शिळें व कच्चें आहे. तरीहि तें आपल्याला धरून ठेवतें, कारण त्याचा गाभा रोग हा नाहीं. एका आईनें आयुष्यभर लिहिलेला जमाखर्च हा त्याचा गाभा आहे.

मिसेस आल्विंग ही कॅप्टन आल्विंगची विधवा. लग्नाला वर्ष होतें न होतें तोंच नवऱ्याच्या दुर्वर्तनानें हताश होऊन ती पाद्री मांडर्सच्या दारीं पळून आली होती. त्यानें कर्तव्याचा उपदेश करून तिला परत धाडलें. तेव्हांपासून तिनें एकच उद्योग केला : नवऱ्याचें खरें स्वरूप जगापासून, आणि विशेषतः मुलापासून, लपविणें. ओस्वाल्डला सातव्या वर्षीं घराबाहेर ठेवलें. मोलकरणीच्या पोटीं नवऱ्याला झालेली मुलगी रेगिना हिला, ती कोण हें न सांगतां, घरांत आश्रय दिला. आणि आतां नवऱ्याच्या नांवें एक अनाथाश्रम बांधून ती या असत्यावर कळस चढविणार आहे. या आश्रमाला लागलेली रक्कम तिनें मोजून काढलेली आहे. आल्विंग हें 'चांगलें स्थळ' म्हणून तिच्या घरच्यांनीं ज्या संपत्तीकडे पाहून तिचें लग्न लावलें, नेमकी तेवढी. बापाचा छदामहि ओस्वाल्डच्या हातीं जाऊं नये. त्याला जें मिळावयाचें तें आईकडून मिळावें!

कवच होण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न वाङ्मयांत दुसऱ्या कोणत्या मातेनें केल्याचें मला आठवत नाहीं. आणि इब्सेन तें कवच एकेक कडी करून उकलतो. चित्रकार म्हणून नांव मिळवूं लागलेला ओस्वाल्ड पॅरिसहून परत येतो, तो शेजारच्या खोलींत रेगिनाशीं लगट करूं लागतो आणि आईला त्या आवाजांत मेलेला नवरा परत आल्यासारखा वाटतो. आश्रमाचा विमा उतरूं नये, तसें करणें म्हणजे ईश्वरावर अविश्वास दाखविणें असें लोक म्हणतील, असा पाद्रीबुवांचा सल्ला. आणि त्याच रात्रीं आश्रम जळून राख होतो. शेवटीं मुलगा स्वतःच्या मेंदूच्या रोगाची हकीकत सांगतो. बापाचा पैसा वेगळा काढतां आला. बापाचें रक्त वेगळें काढण्याची युक्ति तिच्यापाशीं नव्हती.

पण या नाटकांतील माझ्या मतें सर्वांत धाडसाचीं स्थळें याहून पुढें, तिसऱ्या अंकांत आहेत. पहिलें असें : मुलगा दुर्धर रोगानें पोखरला आहे हें कळल्यावरहि, ज्या दुखण्यानें तो आपल्याकडे परत आला त्या दुखण्याला जवळजवळ दुवा द्यावासा वाटतो, असें मिसेस आल्विंग म्हणून जाते. हें वाक्य ऐकून वाचक दचकतो. सातव्या वर्षीं दूर केलेलें मूल तिला आतां हवें आहे. तें आजारी होऊन मिळालें तरी हवें आहे. अशा मातांच्या सेवेला आपण त्यागाचें नांव देतों, आणि तो त्याग असतोच. पण त्या त्यागाच्या तळाशीं, मूल पुन्हां आपलें झालें, पुन्हां आपल्या हातचें खाऊं लागलें, असा एक चोरटा आनंदहि असूं शकतो. इब्सेन तो लपवीत नाहीं, आणि त्याबद्दल तिची निर्भर्त्सनाहि करीत नाहीं. मातृप्रेमाचा गौरव करणाऱ्या शेंकडों पानांत न सांपडणारें सत्य या एका कबुलींत आहे. मावशी एकदां बोलतां बोलतां म्हणाली होती, "तो घरांत असला म्हणजे निदान दाराची कडी कोण वाजवतंय तें तरी कळतं." तिच्या त्या वाक्याचा अर्थ मला हें नाटक वाचून लागला.

दुसरें स्थळ याच्या उलट बाजूचें आहे. आपण लहान मुलासारखे परस्वाधीन होऊन पडूं, याची ओस्वाल्डला दहशत आहे. मुलाला आई आहे ना सांभाळावयास, असें ती म्हणते. आणि तोच त्याला सर्वांत असह्य विचार वाटतो. वर्षानुवर्षें आपण तसेच पडून राहूं, आपले केस पिकतील, आणि मध्येंच केव्हां तरी आई मरून जाईल! आपल्या मागें याचें कसें होईल, हा प्रश्न आजवर आपण आईच्या तोंडून ऐकत आलों. इब्सेननें तो मुलाच्या तोंडीं घातला. जें भय आई रात्रीं उशीवर डोकें टेकून एकटी भोगते, तेंच भय भिंतीपलीकडे मुलगाहि भोगीत असतो, हें येथें दिसतें. ज्याला आपण निर्ढावलेला समजतों त्यालाहि आईचें वय मोजतां येतें.

मग ओस्वाल्ड खिशांतून मॉर्फिनच्या गोळ्या काढून दाखवितो. पुढचा झटका आला कीं त्या आईनेंच द्यावयाच्या. वेळ आलीच तर देईन, असें वचन तो तिच्याकडून घेतो. रात्र सरते, सूर्य उगवतो, आणि त्याच क्षणीं झटका येऊन तो खुर्चींत गोळा होऊन पडतो. निर्विकार स्वरानें सूर्य मागत राहतो. ती त्याच्या खिशांत गोळ्या शोधते, केसांत हात खुपसून त्याच्याकडे पाहत उभी राहते, आणि पडदा पडतो. इंग्रजी भाषांतरकार विल्यम आर्चर यानें तिनें पुढें काय केलें म्हणून विचारलें, तेव्हां इतक्या कठीण प्रश्नाचा निकाल देण्याचें आपल्या स्वप्नांतहि येणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर इब्सेननें दिलें. जन्मभर कवच घडविणारी ही बाई. तिसऱ्या अंकांत ती स्वतःला कारणहि मानूं लागते. कर्तव्याच्या कोरड्या आग्रहानें मींच नवऱ्याला हें घर असह्य केलें, असें मुलापुढें बोलते. त्या शेवटच्या क्षणीं मात्र ती कवचहि नसते आणि कारणहि नसते. जवळ उभी असलेली व्यक्ति, एवढेंच तिचें स्वरूप उरतें.

हें सारें यूरोपांतील नव्या युगाचें आहे, असें कोणास वाटेल. म्हणून शेवटीं आपल्या घरीं परत यावयाचें. गांधारीचें नांव काढलें कीं आपल्याला डोळ्यांवरची पट्टी आठवते, आणि त्यावरून आंधळ्या पुत्रप्रेमाची कल्पना मनांत येते. परंतु महाभारताचें मूळ काढून वाचावें. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण शिष्टाईला आले असतां दुर्योधन सभा सोडून जातो, तेव्हां धृतराष्ट्र गांधारीला बोलावून आणतो. ती येतांच प्रथम नवऱ्याला दोष देते : पुत्राची पापबुद्धि ठाऊक असून तुम्ही त्याच्या मागें गेलांत. मग मुलाला परत बोलावून, भरसभेंत, सर्व वडिलधाऱ्यांसमक्ष सांगते कीं, ज्याला स्वतःचीं इंद्रियें जिंकतां येत नाहींत त्याला राज्य राखतां येत नाहीं. अर्धें राज्य तुला पुष्कळ आहे, पांडवांचा भाग त्यांना दे. दुर्योधन ऐकत नाहीं आणि उठून जातो. आईच्या सामर्थ्याची सीमा येथें व्यासांनीं स्पष्ट आंखली आहे : सत्य सांगणें तिच्या हातीं होतें, तें ऐकविणें नव्हतें.

याहूनहि हृदयस्पर्शी गोष्ट स्त्रीपर्वांत येते. पुत्राच्या शवापाशीं विलाप करतांना गांधारी सांगते कीं, युद्धाच्या वेळीं यानें हात जोडून माझ्याकडे जयाचा आशीर्वाद मागितला होता. तिनें तो दिला नाहीं. जय धर्माच्या बाजूला असतो, एवढेंच म्हटलें. परंतु तिनें त्याला रिकाम्या हातींहि पाठविलें नाहीं. रणांत मोह पावला नाहींस तर वीरांचे लोक तुला निश्चित मिळतील, असें ती म्हणाली. जें देणें असत्य झालें असतें तें नाकारावें, आणि जें खरेपणानें देतां येईल तें हातचें राखूं नये, हा विवेक किती अवघड आहे! आणि हा विवेक जिनें दाखविला ती डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई होती. उघड्या डोळ्यांची मिसेस आल्विंग आयुष्यभर पडदे शिवीत बसली. डोळे बांधलेल्या गांधारीनें मुलाच्या पापावर एकहि पडदा घातला नाहीं.

येथें एक लोककथा आठवल्यावांचून राहत नाहीं. गांधारीनें पट्टी सोडून दुर्योधनाकडे एकवार पाहिलें, त्या दृष्टीनें त्याचें शरीर वज्राचें झालें आणि झांकलेली मांडी तेवढी कच्ची राहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. मूळ महाभारतांत ती नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ मध्यें पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ति चाळली तर तेथेंहि ती सांपडत नाहीं. मग ती लोकांनीं कां रचली? मला वाटतें, आईनें मुलाला जयाचा आशीर्वाद नाकारला हें लोकमनाला सोसवलें नाहीं. म्हणून लोकांनीं तिच्या डोळ्यांत जादू घातली आणि तिला कवच करून टाकलें. आणि मांडी कच्ची राहिली याचा हळहळीचा भागहि तिच्याच दृष्टीला चिकटवून दिला. म्हणजे एकाच कथेंत ती कवचहि झाली आणि कारणहि झाली! मावशीच्या ओटीवर येऊन तीं दोन वाक्यें बोलणारे लोक आणि ही कथा रचणारे लोक एकाच गोत्राचे आहेत.

हें गोत्र ओटीपुरतेंच आहे असें मात्र समजूं नये. १९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइखमान या विदुषीनें मुलाच्या मनोविकाराला आईचें वागणें कारण होतें, अशा अर्थाचा एक शब्दच वैद्यकांत रूढ केला, आणि ती उपपत्ति मागें पडेपर्यंत कित्येक आयांनीं आजाऱ्याच्या सेवेबरोबर हा कलंकहि वाहिला. याच्या उलट, १९५१ सालीं अमेरिकेंत मद्यपींच्या आप्तांसाठीं 'अल-अनॉन' ही संघटना निघाली. तेथें येणाऱ्याला पहिली गोष्ट सांगण्यांत येते ती ही कीं, हें तुझ्यामुळें झालें नाहीं, आणि तें तुझ्या ताब्यांतहि नाहीं. गांधारीच्या सभेंतील प्रसंगाचा निष्कर्ष तरी दुसरा काय आहे?

तेव्हां या तीन मातांपासून घ्यावयाचें तें एवढेंच. थोर लेखकांनीं प्रौढ मुलाच्या आईला कवच केलें नाहीं आणि कारणहि केलें नाहीं. तिचें सामर्थ्य थोडें आहे, हें त्यांनीं न कचरतां दाखविलें. आणि त्या थोड्या सामर्थ्याचें ती काय करते यांत तिची थोरवी पाहिली. सामर्थ्य थोडें म्हटल्यानें आईचा अपमान होतो, असें ज्याला वाटतें, त्यानें तिच्या खांद्यावरचें ओझें एकदां उचलून पाहावें. लहानपणीं तिच्या हातीं सारें कांहीं होतें. मूल मोठें झालें तसें तें एकेक करून निसटलें. प्रेम तेवढें पूर्वीच्याच मापाचें उरलें. सामर्थ्य सरलें आणि प्रेम उरलें, या तफावतींतच या मातांचें सारें दुःख आहे. त्यांना उपदेश करणें किंवा त्यांची आरती ओंवाळणें, या दोन्ही गोष्टी तें दुःख न पाहण्याच्या युक्त्या आहेत.

एके दुपारीं मीं मावशीला मिसेस आल्विंगची गोष्ट सांगितली होती. ती डाळ निवडीत ऐकत होती. शेवट ऐकून तिनें विचारलें, "मग दिल्या का रे तिनं गोळ्या?" मीं म्हटलें, "मावशी, लेखकानं तें सांगितलेलंच नाहीं." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं केलं. तें बाहेरच्यानं सांगायचं नसतं." इब्सेनवरील पुष्कळ टीका मीं वाचली, पण त्या शेवटाचें इतकें थोडक्यांत समर्थन मला दुसरीकडे मिळालें नाहीं. मावशीला जाऊन आतां बरीच वर्षें झालीं. तिच्या मागें त्या मुलाचें काय झालें हें मला माहीत आहे. परंतु तें मी येथें लिहीत नाहीं. तो सावरला असें लिहिलें तर वाचक दुसरें वाक्य उच्चारील, आणि सावरला नाहीं असें लिहिलें तर पहिलें.